४५ टक्के

आमच्या तालमीतला लाल मातीचा हौदा जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून मातीत जायचं. मी कधी उतरलो नाही. पोलिओनं उजवा पाय लहानपणीच बारीक केला, त्यामुळे काठावर बसून बघणं एवढीच माझी तालीम. पण वस्तादांनी रिकामं बसू दिलं नाही. मातीत घालायचं ताक, लिंबं, हळद, तेल यांचा हिशेब माझ्याकडे आणि पोरांच्या बैठकाही मीच मोजायच्या. पैलवानाचं अंग मी असं कायम वरून पाहिलं: माखलेलं, धापा टाकणारं, कानाचा गोळा झालेलं.

पुतण्या कोल्हापुरात चित्रकला शिकतो. जर्मन चित्रांतलं आणि सिनेमातलं माणसाचं शरीर, असा काहीतरी विषय त्यानं लिहायला घेतला होता. एका पावसाळी संध्याकाळी आमच्या घरी कोडोलीला आला तो लॅपटॉप घेऊनच. सोप्यात त्यानं लेनी रिफेनश्टाल या जर्मन दिग्दर्शिकेचा ‘ऑलिंपिया’ लावला. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवरचा हा चित्रपट. त्याचा पहिला खेळ २० एप्रिल १९३८ला, म्हणजे हिटलरच्या वाढदिवशी झाला. शेजारी माझा जुना दोस्त बसला होता, एकेकाळचा वारणेच्या मैदानात लढलेला पैलवान.

सुरुवातीला ग्रीक देवळांचे पडके खांब दिसतात, मग पुतळे, आणि थाळी फेकणारा दगडी पुतळा बघता बघता जिवंत माणूस होतो. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो. पुढं एकेक खेळाडू आभाळाला टेकलेला दिसतो. पुतण्या म्हणाला, “आण्णा, कॅमेरे मैदानात खड्डे खणून आत बसवले होते.” म्हणजे बघणारा हौद्यात आणि अंग काठावर! राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं तेही युरोपातल्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहून आल्यावर, १९१२ साली ते खुलं झालं. पण तिथं माणसं चढत्या बैठकांवर आणि पैलवान खाली. वरून बघताना पडलेला माणूसही दिसतो. खालून बघितलं की फक्त देव दिसतात.

दोस्ताचं बोलणं वेगळंच. “ह्यास्नी माती कुठं लागलीया?” म्हणाला. मॅरेथॉनमधले दमलेले पाय आले तेव्हा मात्र तो पुढं सरकून बसला.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्याच १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले व्यायामप्रकार दाखवून आलं. तालमीत ही गोष्ट आम्ही छाती फुगवून सांगायचो. तेव्हा तिथं आणखी काय चाललं होतं, ते त्या गोष्टीत कधी आलंच नाही. जुलै १९३३मध्येच नाझी सरकारनं कायदा केला होता: आनुवंशिक आजार असलेल्यांची सक्तीनं नसबंदी. पुढं सुमारे चार लाख माणसांवर ती झाली. युद्ध सुरू झाल्यावर तर अपंग आणि मनोरुग्णांना गॅस सोडून मारलं. ऑगस्ट १९४१पर्यंत असे सत्तर हजारांहून जास्त.

पुतण्यानं मग त्या काळातलं एक भित्तिपत्रक दाखवलं. खुर्चीत वाकडा बसलेला एक माणूस, मागं पांढऱ्या कपड्यातला धडधाकट सेवक. या एका रोग्यापायी जन्मभरात जनतेचे साठ हजार मार्क जातात, आणि ते तुझेही पैसे आहेत, असा त्यातला मजकूर. बघून मला बर्लिन नाही, आमचंच घर आठवलं. वाटणीच्या बोलण्यात एक नातेवाईक माझ्यासमोर म्हणाले होते, “ह्याला जन्मभर कोण पोसणार?” त्यांच्या मनात वाईट नव्हतं. ऊसबिल, बैल, खाणारी तोंडं असा हिशेब चालला होता, त्यात मीही आलो. अशा बोलण्याला सरकारनं छापखाना दिला की काय होतं, ते समोर होतं. तालीमही काही धुतल्या तांदळाची नाही. माझ्या बहिणीला तर उंबऱ्याच्या आत पाय टाकायची सोय नव्हती. मुरगूडकडच्या पोरी आता कुस्तीत नाव काढतात, ते बघून ती अजून चिडते.

शेवटी आलं ओटो डिक्सचं १९२०चं चित्र. पहिल्या महायुद्धातून परतलेले चार सैनिक रस्त्यानं ओळीत चाललेत. कुणाला लाकडी पाय, कुणाचं अंग थरथरतंय, आणि मागं दुकान नेमकं बुटांचं. डिक्स स्वतः त्या युद्धात मशीनगनवर होता. नाझींनी १९३७मध्ये म्युनिकला ‘विकृत कला’ म्हणून प्रदर्शन मांडलं, त्यात हे चित्र ठेवलं. मूळ चित्र आज नाही, डिक्सनं त्याच विषयाची केलेली छापचित्रं उरली. चित्राच्या नावात कंसात लिहिलंय: ४५ टक्के कामास लायक.

मी उठून कपाटातून माझं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात तपासणी होऊन मिळालेलं, त्यावर ५० टक्के. चाळीस किंवा त्याच्या वर आकडा असला की एसटीला पंचाहत्तर टक्के सवलत. कोडोली-कोल्हापूर मी त्यावरच करतो. हा कागद मला हवाय, फाडून टाकावा असं कधी वाटत नाही. पण डिक्सच्या त्या सैनिकांकडे बघताना पहिल्यांदा कळलं की आकड्याचंही चित्र काढता येतं, आणि ते कुणाच्या बाजूनं काढलंय यावर बरंच ठरतं. डिक्सच्या चित्रात कीव नाही. ते चौघे जरा हास्यास्पदच दिसतात, दोघे-तिघे तर अजून ऐटीत आहेत. मला तेच आवडलं.

दुसऱ्या दिवशी पुतण्या अडखळत म्हणाला, “आण्णा, तुमचा पाय काढू का? सबमिशनला.” दोस्तानं लगेच सुनावलं, “एकच कशापायी? दोन्ही काढ की!” मी स्टुलावर बसलो आणि पुतण्याला समोर खुर्चीत बसवलं, जमिनीवर नाही. कॉलेजात मॉडेलला तासाचे पैसे देतात, हे त्यानंच मला सांगितलं होतं. तेवढे मी मागून घेतले.