यमुनाकाठचे पाहुणे निघण्याआधी

दिल्लीच्या थंडीचा जोर ओसरतो तो वसंतपंचमीच्या आगेमागे. जानेवारीत दुपारपर्यंत रेंगाळणारे धुके आता सकाळीच विरून जाते. गाझियाबादच्या इंदिरापुरम, वैशाली, कौशांबी अशा वसाहतींच्या गॅलऱ्यांत रजया उन्हात पडू लागतात. अशाच एखाद्या रविवारी भल्या सकाळी इमारतीच्या फाटकाशी एक वेगळी मंडळी जमते. कोणाच्या गळ्यात दुर्बीण, कोणाच्या हातात वही-पेन्सिल, मुलांच्या डोक्यावर कानटोप्या, आयांच्या पिशवीत पराठे आणि थर्मासमध्ये चहा. सहल म्हणावी तर बॅट-बॉल नाही, गाणी लावण्याचे साधन नाही. ही मंडळी निघालेली असते पाखरे पाहायला, आणि तीही जरा घाईने. कारण मार्च सरत आला की पाहुणे आपापल्या गावी परततात.

गाझियाबादचे नाव काढले की डोळ्यांपुढे येतात ते कारखाने, हिंडनचा विमानतळ आणि आकाशाला भिडलेल्या इमारती. १७४० मध्ये वजीर गाजीउद्दीनने वसवलेले हे ठाणे मुळात गाजीउद्दीननगर. पुढे रेल्वे आली आणि तोंडात न मावणारे ते नाव आखडून गाझियाबाद झाले. १९७६ मध्ये मेरठपासून वेगळा काढून त्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. अशा शहरात निसर्ग शोधायचा कुठे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर नदीकाठी मिळते.

बांधले माणसाने, वसवले पाखरांनी

दिल्ली ओलांडून यमुना उत्तर प्रदेशात शिरते, तिथेच ओखला पक्षी अभयारण्य आहे. १९९० मध्ये ते जाहीर झाले तेव्हा हा भाग गाझियाबाद जिल्ह्यातच होता. १९९७ मध्ये गौतम बुद्ध नगर हा नवा जिल्हा झाला आणि अभयारण्य कागदोपत्री शेजाऱ्याकडे गेले. गाझियाबादकरांचे त्याच्याशी असलेले नाते मात्र तुटले नाही.

ओखल्याला नदी अडवण्याची परंपरा जुनी आहे. आग्रा कालव्यात पाणी वळवण्यासाठी १८७४ मध्येच इथे बंधारा झाला होता. १९८० च्या दशकात नवा, मोठा बंधारा उभा राहिला आणि त्याच्या वरच्या अंगाला पाण्याचा विस्तीर्ण फुगवटा तयार झाला. कडेने पाणकणीस आणि बोरू माजले, मध्ये गाळाची बेटे वर आली. पाखरांना आणखी काय हवे? जेमतेम चार चौरस किलोमीटरच्या या जागेत तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर असेच बंधाऱ्यामुळे तयार झाले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. उजनी धरणाच्या पाण्याने भिगवणला रोहित पक्षी आणले. धरण बांधताना कोणाच्याही मनात पाखरांचा विचार नव्हता. पाखरांनी मात्र संधी साधली.

हिवाळ्यात इथे येणारे पाहुणे दूरदूरचे असतात. तिबेट, मंगोलिया, लडाखकडे वीण करणारा पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाच्या साह्याने घेतलेल्या नोंदींत हा हंस सात हजार मीटरच्या आसपास उंचीवर उडताना आढळला आहे. डोक्यामागचे दोन काळे पट्टे ही त्याची ओळख. सायबेरिया आणि मध्य आशियातून बदकांचे थवेच्या थवे उतरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मुक्काम ठोकलेली ही मंडळी वसंताच्या तोंडी परतीच्या तयारीला लागते. लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते, म्हणून या दिवसांत त्यांचा सारा वेळ खाण्यात जातो. काठावर शांतपणे उभे राहिले तर त्यांना निरखण्याची अशी संधी पुन्हा हिवाळ्यापर्यंत मिळत नाही.

हळदीकुंकू आणि वारकरी

या फेऱ्यांतली खरी गंमत नावांची. समोरच्या बदकाला माहितगार मंडळी इंग्रजीत ‘शॉव्हेलर’ म्हणतात. गाझियाबादचा शाळूसोबती त्याला ‘तिदारी’ म्हणतो. आणि मराठी घरातल्या आजीला पक्ष्यांच्या मराठी पुस्तकात सापडते ते ‘थापट्या’. पसरट, फावड्यासारखी चोच पाहिली की हे नाव कोणी ठेवले असेल याचे कौतुक वाटते. त्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी तोंडात घ्यायचे, बाहेर टाकायचे आणि दात्यांत अडकलेले सूक्ष्म जीव गिळायचे, अशी त्याची चाळणी दिवसभर चालू असते.

शेपटीचे लांब टोक मिरवणारे ते तलवार बदक, हिंदीतले ‘सींखपर’. काळेभोर अंग आणि कपाळावर गंधासारखा पांढरा ठिपका असलेला, घोळक्याने पोहणारा पक्षी म्हणजे वारकरी. पंढरपूरची वाट कधी न पाहिलेल्या मुलालाही हे नाव एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही. लांब लाल पायांवर चिखल तुडवणारा तो शेकाट्या. आणि चोचीच्या टोकाला पिवळा, मुळाशी दोन तांबडे ठिपके असलेले ते हळदीकुंकू बदक.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू करणाऱ्या मराठी बायकांना दूर उत्तरेत, यमुनेच्या पाण्यावर हेच नाव तरंगताना दिसावे, यापेक्षा मोठा आनंद कोणता? मुलांची मराठी सुटत चालली म्हणून हळहळणाऱ्या आयांना तर ही फेरी म्हणजे बिनभिंतींची शाळाच वाटते. शब्दकोश पुढे ठेवून जे होत नाही, ते एका बदकाने होते.

चालण्याची रीत

पक्षी पाहत फिरणे हा दिल्ली परिसरात नवा छंद नाही. गांधीजींचे स्नेही, इंग्रज क्वेकर होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये दिल्लीत पक्षीनिरीक्षकांची संस्था स्थापन झाली. इंदिरा गांधी तिच्या सभासद होत्या. मुंबईत १८८३ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र दिल्लीच्या असोला भाटी अभयारण्यातही आहे. पूर्वी जाणकारांपुरता असलेला हा छंद आता वसाहतीतल्या कुटुंबांपर्यंत पोहोचला आहे. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर घराजवळचे पक्षी मोजले जातात, त्यात २०१३ पासून भारतही सहभागी आहे. या मोजणीला पदवी लागत नाही, पंधरा मिनिटे आणि प्रामाणिक नोंद पुरते.

नवख्यांना पहिला धडा मिळतो तो मापाचा. दिसलेला पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच कशी, पाय कसे, एकटा की थव्यात, चालतो की उड्या मारतो, हे पाहायचे. रंग सर्वांत शेवटी, कारण उन्हाच्या कोनानुसार रंग फसवतो. दुसरा धडा मौनाचा. मुलांना काठावर बसवून दहा मिनिटे फक्त ऐकायला सांगतात. सुरुवातीला चुळबूळ होते. मग कोणाला टिटवीची आरोळी ऐकू येते, कोणाला तांबटाची ठोकठोक, तर कोणाला बोरूतल्या जांभळ्या पाणकोंबडीचे खाकरणे. घरी एक मिनीट गप्प न बसणारा मुलगा इथे स्वतःहून ओठांवर बोट ठेवतो, हे पाहून आईवडील थक्क होतात.

पाण्यावरून नजर वर गेली की वसंत दिसतो. पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते. काटेसावरीची पाने झडून फांद्यांवर लाल, मांसल फुले उमललेली असतात आणि मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची झुंबड उडालेली असते. एका झाडाखाली अर्धा तास उभे राहिले तरी वहीचे पान भरते.

घर कोणाचे?

पण ही फेरी केवळ आनंदाची नाही. मुले प्रश्न विचारतात आणि उत्तरे देताना मोठ्यांची पंचाईत होते. पाण्याला वास का येतो? वझिराबादपासून ओखल्यापर्यंतचा यमुनेचा प्रवाह अवघा २२ किलोमीटरचा, १,३७६ किलोमीटर लांबीच्या नदीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण नदीच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा वाटा याच टापूत, राजधानीच्या नाल्यांतून तिच्यात मिसळतो. मैलापाण्यावर जलपर्णी पोसते आणि पाण्याचा उघडा पृष्ठभाग झाकून टाकते. बंधाऱ्याची दारे उघडली की तळे आटते, बदके दुसरीकडे जातात. पूर्वीसारखे थवे आता दिसत नाहीत, अशी खंत जुने निरीक्षक बोलून दाखवतात.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड असतो. त्या समोरच्या उंच इमारती पाखरांना चालतात का? २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अभयारण्याभोवतीच्या दहा किलोमीटरच्या परिघातील बांधकामांना पूर्णत्वाचे दाखले देण्यास मनाई केली. हजारो कुटुंबांची घरे अडकली. डोक्यावर कर्जाचे हप्ते, शिवाय चालू घराचे भाडे, अशा कात्रीत सापडलेल्यांचा जीव टांगणीला लागला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने संवेदनक्षेत्र निश्चित केले: पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेला अवघे १०० मीटर, उत्तरेला १.२७ किलोमीटर. घर घेणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पक्षीप्रेमी निराश झाले.

यात कोणा एकाला खलनायक ठरवणे सोपे नाही. दुर्बीण घेऊन काठावर उभी असलेली मंडळीही अशाच कुठल्या तरी इमारतीच्या बाराव्या मजल्यावर राहते. तिच्याही स्वयंपाकघराचे पाणी कुठल्या तरी नाल्याला मिळतेच. म्हणूनच या फेऱ्यांचे मोल अधिक आहे. ज्या पाखराचे नाव ठाऊक आहे, त्याचे घर बुडताना माणूस अगदीच गप्प बसू शकत नाही. वसाहतीचे सांडपाणी शुद्ध होऊन बाहेर पडते का, बागेत औषधे फवारणे गरजेचे आहे का, अशा गोष्टी मग सभासदांच्या बैठकीत विचारल्या जातात. विचारणारा अनेकदा शाळकरी मुलगा असतो.

हिंडनचीही आठवण

ओखल्याला जाणे जमले नाही तर गाझियाबादच्या पोटातून वाहणारी हिंडन आहेच. सहारनपूर जिल्ह्यात उगम पावणाऱ्या या नदीला जुने लोक हरनंदी म्हणत. मेरठ जिल्ह्यात तिच्याच काठी आलमगीरपूर हे हडप्पा संस्कृतीचे पूर्वेकडचे टोकाचे ठिकाण सापडले आहे. इतक्या प्राचीन नदीची आज कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने दैना झाली आहे. तरी करहेडा गावाजवळच्या सिटी फॉरेस्टमध्ये सकाळी फेरफटका मारला तर खंड्या, वेडा राघू, धोबी, कोतवाल असे ओळखीचे पक्षी भेटतात. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला तर घरची गॅलरीही पुरते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून २०१० पासून हा दिवस पाळला जातो, हे गाझियाबादच्या मराठी मुलांना आवर्जून सांगावे.

जाणाऱ्यांसाठी

ओखल्याला जाण्यासाठी वैशालीहून मेट्रोने निघून यमुना बँकला गाडी बदलावी आणि बोटॅनिकल गार्डनला उतरावे. तिथून मॅजेंटा मार्गावरचे पुढचेच स्थानक ‘ओखला पक्षी अभयारण्य’ आहे. डिसेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा हा काळ उत्तम. सकाळी लवकर पोहोचावे. भडक कपडे, अत्तर आणि मोठ्याने बोलणे टाळावे. पाखरांना खाऊ घालू नये, घरट्याजवळ जाऊ नये. प्लॅस्टिकची पिशवी जशी नेली तशी परत आणावी. दुर्बीण नसली तरी अडत नाही, वही मात्र हवी.

एप्रिल उजाडतो तेव्हा पाण्यावर शांतता असते. पट्टकदंब गेलेले, तलवार बदके गेलेली, थापट्यांचे थवेही दिसेनासे झालेले. पण बोरूच्या कडेला एखादी जोडी अजून संथपणे फिरत असते. चोचीवर पिवळा आणि तांबडा ठिपका. हळदीकुंकू बदक इथलेच, बारमाही राहणारे. पाहुणे पुढच्या हिवाळ्यात येतील की नाही हे कोणी सांगावे, पण तिला याच पाण्यावर दिवस काढायचे आहेत. काठावरच्या माणसांनाही.