दोन रुपयांचा बोजारा

आमच्या सिंदीचा तान्हा पोळा बघायला आसपासच्या गावांतून माणसं येतात. चाकं लावलेले लाकडी बैल सजवायचे, दोरी धरून ओढत न्यायचे आणि घरोघरी बोजारा मागायचा, हा पोरांचा सण. मी पाच-सहा वर्षांचा असेन. डाव्या पायात कॅलिपर, एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात बैलाची दोरी. शेजारच्या आजीनं सगळ्या पोरांना एकेक रुपया दिला. मला दोन दिले आणि डोळ्यांना पदर लावला.

मी खूश. घरी येऊन आईला दोन रुपये दाखवले, तर तीही रडायला लागली. आपल्या बाबतीत काहीतरी फार वाईट घडलंय आणि ते आपल्यालाच माहीत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

माझा जन्म १९९१चा. पल्स पोलिओ मोहीम आली १९९५मध्ये. त्याआधीही दवाखान्यात डोस मिळायचे, पण माझ्या डोसच्या वेळी आई माहेरी होती, कापूस वेचणीचा हंगाम होता, आणि डोस राहिला. आठव्या महिन्यात ताप आला. तेव्हापासून आईच्या मनात एकच हिशेब चालू आहे : त्या दिवशी गेले असते तर?

मी पुढे तत्त्वज्ञानात एम.ए.ला प्रवेश घेतला. सिंदी-नागपूर अपडाऊन. २०१७च्या उन्हाळ्यात पॅसेंजरमध्ये मोबाइलवर एक पुस्तक वाचायला घेतलं : 'द मायनॉरिटी बॉडी'. लेखिका एलिझाबेथ बार्न्स, अमेरिकेतल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक. त्या स्वतः अपंग आहेत. पुस्तक २०१६चं, आपल्याकडचा दिव्यांग हक्क कायदाही त्याच वर्षीचा. कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले. बार्न्स त्याच्या मागचा प्रश्न विचारतात : आंधळा, बहिरा आणि माझ्यासारखा लंगडा, या तिघांच्या शरीरांत सारखं असं आहे काय? तत्त्वमीमांसा म्हणजे हेच, एखादी गोष्ट मुळात काय आहे ते शोधणं. त्यांचं उत्तर साधारण असं की, आम्हाला एकत्र बांधणारी वैद्यकीय खूण नाही. अपंगांच्या चळवळीनं ज्यांना आपलं मानून न्याय मागितला, ते नातं आहे.

पण मी अडकलो पुढच्या मुद्द्यावर. बार्न्स म्हणतात, अपंग शरीर हे वाईट शरीर नसतं, वेगळं शरीर असतं. त्यात त्रास असतो, काही गोष्टी हुकतात, हे त्या नाकारत नाहीत. पण तेवढ्यानं अख्खं आयुष्य उणं ठरत नाही. आणि एखादा अपंग माणूस 'माझं बरं चाललंय' म्हणाला, तर लोक त्याचं ऐकूनच घेत नाहीत. म्हणतात, बिचाऱ्यानं मनाची समजूत घातलीय. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. स्वतःच्या आयुष्याबद्दल साक्ष द्यायला आम्हीच नालायक!

बुटीबोरी कधी गेलं कळलं नाही. मला ते दोन रुपये आठवत होते.

नंतर एकदा सेवाग्रामला गेलो. गांधीजी परचुरे शास्त्रींची मालिश करतानाचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. शास्त्रीजी संस्कृतचे पंडित. कुष्ठरोग झाल्यावर आश्रमात राहायला आले. फोटोतल्या सेवेवर आपल्याला निबंध पाठ असतात. पण त्या विद्वान माणसाला स्वतःच्या आयुष्याबद्दल काय वाटत होतं, हे शाळेत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या रात्री आईला म्हटलं, ''आई, माझं खरंच बरं चाललंय. पाय असा आहे म्हणून मी दुःखी नाही.''

ती म्हणाली, ''मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला नं तू?''

हे बार्न्सच्या पुस्तकातलंच वाक्य, फक्त आमच्या बोलीत.

खरी पंचाईत पुढे झाली. भाची झाली. पोलिओ रविवारी तिला कडेवर घेऊन बूथवर मीच गेलो. बोटाला शाई लावून परत आलो, तर आई ओसरीत बसलेली. म्हणाली, ''पाय तसा असला तं काही वाईट नाही म्हणते ना तू? मंग इले डोस काहून पाजला?''

तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत हा प्रश्न मला कुणी इतका नेमका विचारला नव्हता. बार्न्सचं उत्तर मला ठाऊक होतं : एखादं आयुष्य वाईट नसलं, तरी कुणाचं चालू आयुष्य त्याला न विचारता बदलून टाकणं चूकच, त्या बदलाची किंमत त्याला मोजावी लागते. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे मला पटतं. आठ महिन्यांच्या लेकराच्या बाबतीत तितकंसं नाही. त्याला कुठलं मागचं आयुष्य आठवणार? माझं उत्तर साधं होतं. तापात तडफडणं, ऑपरेशनं, दर दोन वर्षांनी छोटं पडणारं कॅलिपर, हे टाळता येत असेल तर टाळावं. ते टाळायचं म्हणजे माझं आयुष्य टाळण्याजोगं होतं, असं होत नाही.

''मंग माहं चुकलंच नं?'' आई म्हणाली.

''चुकलं असन. पण मी म्हणजे त्या चुकीची शिक्षा नाही, आई.''

ती बराच वेळ गप्प होती. भाचीच्या बोटावरची शाई पदरानं पुसत राहिली, ती काही निघेना. मग म्हणाली, ''त्या अमेरिकेच्या बाईनं हे तिच्या मायले सांगतलं असन काय?''