स्वन, स्वनातीत आणि रचना

'स्वन' हा शब्द आम्हा मराठीच्या अध्यापकांना भाषाविज्ञानाच्या तासामुळे परिचयाचा. त्याच कुळातला 'स्वनातीत' मात्र ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या विमानाचे विशेषण आहे.

विमान ध्वनीहून मंद असते तोवर त्याच्या दाबलहरी पुढे जाऊन हवेला त्याच्या येण्याची वर्दी देतात. ध्वनीचा वेग ओलांडला की वर्दी देणारेच मागे पडतात. बेसावध हवा एकाएकी दाबली जाते, आघाततरंग उठतात आणि जमिनीपर्यंत येताना एकमेकांत मिसळून स्फोटासारखे ऐकू येतात. १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने असे हजाराहून अधिक स्फोट मुद्दाम घडवले गेले. एक चतुर्थांशाहून अधिक नागरिकांनी हे कायमचे सोसणे शक्य नसल्याचे सांगितले. १९७३ मध्ये अमेरिकेने भूभागावरील नागरी स्वनातीत उड्डाणांवर बंदी घातली.

यावर उपाय म्हणून मेटामटेरियलचाही विचार होतो. त्याचे गुण द्रव्यापेक्षा रचनेतून येतात. लहरीच्या लांबीहून लहान घटक ठरावीक क्रमाने मांडले की ध्वनी वळवता वा अडवता येतो. परंतु अशी रचना बहुधा मोजक्याच कंप्रतांना दाद देते. आघाततरंगात असंख्य कंप्रता एकवटलेल्या असतात. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रथम उडालेल्या नासाच्या एक्स-५९ विमानाची भिस्त आकारावर आहे. त्याच्या लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा म्हणजे निमुळते नाक. तरंग एकवटू नयेत, स्फोटाऐवजी दबका ठोका ऐकू यावा, हा हेतू. म्हणजे येथेही रचनाच.

"आशय कळला, मग वृत्त कशाला?" असे यवतमाळ जिल्ह्यातील आमचे विद्यार्थी विचारतात. त्यांच्या कवितांत कापूस येतो, कर्ज येते, शेतकऱ्याची आत्महत्या येते. ते दुःख एकाच ओळीत फुटते आणि पुढच्या ओळींसाठी काही उरत नाही. ग. दि. माडगूळकर १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. शोक कडव्याकडव्यांतून कसा वाहता ठेवावा, हे त्यांच्या गीतांतून आम्ही शिकवू पाहतो.

मात्र तुलना येथे थांबते. अभियंत्याला खालच्या माणसापर्यंत आघात पोहोचू द्यायचा नाही. कवीला तो पोहोचवायचाच आहे. रचनेच्या नावाखाली आम्ही या मुलांचा आवाज दबका तर करत नाही ना, हा प्रश्न प्रत्येक वही तपासताना आमच्यासमोर असतो.