उशाशी असलेली पुस्तके

आजारपण दोन प्रकारचे असते. एक पाहुण्यासारखे येते. ताप, गोवर, कावीळ, मोडलेला हात. घरात धावपळ उडते, पथ्यपाणी होते, शेजारीपाजारी शहाळी घेऊन येतात आणि ठरावीक मुदतीनंतर पाहुणा आपली पिशवी उचलून निघून जातो. दुसरे आजारपण मात्र घरातच राहायला येते. त्याचा जाण्याचा दिवस कुणी सांगत नाही. पहिले काही महिने लोक विचारपूस करतात. मग त्यांनाही सवय होते आणि आपल्यालाही. या दुसऱ्या प्रकारच्या आजाराबरोबर मी गेली अकरा वर्षे एका छपराखाली राहत आहे. या सहवासात ज्या पुस्तकांनी मला सोबत केली, त्यांतील काहींविषयी इथे लिहावे असे मनात आहे.

माझा आजार आमवाताचा. डॉक्टर त्याला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. उतारवयात गुडघे झिजून होणारा संधिवात तो हा नव्हे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांच्या आतील अस्तरावर चालून जाते. सांधे सुजतात, तापतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून सुरुवात करतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, तिच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक काळाने रक्ताची आणि यकृताची तपासणी, वर्षाकाठी डोळ्यांची तपासणी, हे सारे आता आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सणावारांबरोबर लिहिलेले असते. औषधांनी मला मोठा आधार दिला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तरीही सकाळचा आखडलेपणा आणि दुपारी अंगातले त्राण निघून जाणे, ही दोन वस्तीला आहेत ती आहेतच.

मी शाळेत मराठी शिकवीत असे. खडू धरवेना तेव्हा मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली. शेजारच्या बायका म्हणू लागल्या, “तुमचं बरं आहे बाई, आता बसून वाचायचं.” या बोलण्यात आकस नसे. आमच्या वसईकडे वाडीत, विहिरीवर, बाजारात सतत राबणाऱ्या माणसांना दिवसाढवळ्या पुस्तक घेऊन बसलेली बाई पाहण्याची सवय नाही, एवढेच. परंतु वेळ असणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचन हे डोळ्यांचे आणि मनाचे काम, असे आपण समजतो. ते हाताचेही काम आहे हे बोटे सुजल्यावर कळते. पुस्तक उघडे धरण्यासाठी अंगठा लागतो, पान उलटण्यासाठी तर्जनी लागते आणि जाड ग्रंथ पेलण्यासाठी मनगट लागते. म्हणून माझ्या कपाटातील पुस्तके आता लेखकांप्रमाणे लावलेली नसून वजनाप्रमाणे लावलेली आहेत. गावातल्या एका सुताराने मला पोथीसाठी असते तसे लाकडी व्यासपीठ करून दिले आहे. त्यावर ग्रंथ ठेवायचा आणि पेन्सिलीच्या खोडरबर लावलेल्या टोकाने पान सरकवायचे. सकाळी दहा ते बारा ही माझी खरी वाचनाची वेळ. दुपारनंतर अक्षरे दिसतात, पण वाक्य मनात ठरत नाही.

या वर्षी प्रथम वाचला तो इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचा आजारपणावरचा निबंध. तो १९२६ साली प्रसिद्ध झाला. प्रेम, युद्ध, मत्सर यांवर एवढे साहित्य लिहिले गेले. मग प्रत्येक माणसाच्या वाट्याला येणाऱ्या आजारपणावर का नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांची आणखी एक तक्रार अशी की प्रेमात पडलेल्या मुलीला आपल्या भावना सांगण्यासाठी मोठमोठे कवी शब्द पुरवतात. डोके दुखणारा माणूस मात्र डॉक्टरपुढे बसला की त्याची भाषा आटून जाते. हे वाचून माझ्यातली मराठीची बाई जागी झाली. आपल्या भाषेला हा आरोप लागू पडेल का? मी वहीत शब्द मांडू लागले. दाढेचा ठणका, पोटातली कळ, पाठीतली चमक, गळवाची ठसठस, डोक्यातली सणक, पिंढऱ्यांतली रग, हाताला आलेल्या मुंग्या, भाजल्याची आग, जखमेची चरचर. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आमच्या आयाआज्यांनी पोथ्या-पुस्तकांच्या मदतीशिवाय वेदनेचे हे बारकावे वेगळे ओळखले आणि नावे देऊन ठेवली. त्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे, “दुखण्याला दहापैकी किती गुण द्याल?” असे विचारले. मी म्हटले, “ठणका गेला आहे, पण रग राहिली आहे.” त्यांना ते आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडले. मात्र एका बाबतीत वुल्फबाईंचे म्हणणे मला मान्य करावे लागते. या आजारात जो विलक्षण थकवा येतो, जो झोपेने जात नाही आणि ज्याला श्रमाचे कारण लागत नाही, त्याला अचूक शब्द मलाही अजून सापडलेला नाही.

आजारात वाचलेल्या पुस्तकांनी आयुष्य बदलल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नाशियस लोयोलाचा पाय मोडला. घरी पडून असताना त्याने वेळ घालवण्यासाठी शूरवीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली. एवढी कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. परंतु या खेपेस त्याचे आत्मकथन वाचताना माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. इग्नाशियस वाचता वाचता थांबत असे आणि दिवास्वप्नांत रमत असे. पराक्रमाची स्वप्ने पाहताना सुख वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याची स्वप्ने पाहिल्यावर मात्र समाधान मागे राही. हा फरक त्याने नोंदवला आणि पुढे आत्म्यांची पारख करण्याची जी पद्धत त्याने शिकवली, तिचे मूळ या निरीक्षणात आहे. धावपळीत असलेल्या सरदाराला हे सुचले नसते. सक्तीने पडून राहिलेल्या माणसापाशी स्वतःच्या मनाकडे पाहायला वेळ असतो. मीही आता पुस्तक मिटल्यावर पाच मिनिटे तशीच बसून राहते आणि मागे काय उरले ते पाहते.

इग्नाशियसचा पाय पुढे बरा झाला, जरी लंगडणे राहिले. ज्यांचा आजार बरा होणारच नव्हता अशा लेखकाकडे मला जायचे होते. फ्लॅनरी ओकॉनर ही अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातली कॅथलिक कथालेखिका. तिला लुपस झाला होता. माझ्या आजाराचाच हा भाऊबंद. त्यातही शरीर स्वतःवर उलटते. याच रोगाने १९४१ साली, ती पंधरा वर्षांची असताना, तिचे वडील गेले होते. तिला स्वतःला तो झाल्याचे घरच्यांनी आधी लपवले. १९५२ साली एका मैत्रिणीकडून तिला खरे कळले. त्यानंतर आईबरोबर शेतावरच्या घरात राहून, मोर पाळत, पुढे कुबड्यांवर चालत तिने लिहिणे चालू ठेवले. रोज सकाळी दोन-तीन तास लिहायचे, बाकीचा दिवस शरीराला द्यायचा, असा तिचा नेम होता. १९५८ साली ती लूर्दच्या यात्रेलाही जाऊन आली. ३ ऑगस्ट १९६४ रोजी वयाच्या ३९व्या वर्षी ती वारली.

तिच्या पत्रांचा संग्रह १९७९ साली निघाला. मी तो दिवसाला दोन-तीन पत्रे या हिशेबाने चार महिने वाचला. आजाराविषयी तिने फार थोडे लिहिले आहे, आणि जे लिहिले आहे त्यात स्वतःची कीव नाही. मोरांनी फुलझाडे खाल्ल्याची हकिकत आणि नव्या औषधाची हकिकत ती सारख्याच विनोदाने सांगते. दुःखामुळे आपण इतरांपेक्षा पवित्र झालो, असा सूर कुठेही लागत नाही. हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे आजारी माणसाला दोनच भूमिका मिळतात. त्याने एकतर विव्हळावे किंवा संत व्हावे. ओकॉनरने तिसरी वाट दाखवली. हातात आहेत तेवढे तास मोजून घ्यावेत आणि त्यांत आपले काम करावे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मी दुसऱ्यांदा वाचले. तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या या बाईंनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांच्या पुस्तकाने माझी नजर पायऱ्यांकडे वळवली. अपंग माणसाला अडवणारी गोष्ट पुष्कळदा त्याच्या शरीरात नसून इमारतीत असते. आमच्या चर्चच्या दाराशी तीनच पायऱ्या आहेत. पण ज्यांना त्या चढवत नाहीत अशी किती माणसे घरी बसून मिस्सा ऐकतात, हे मी मोजू लागले आणि ती संख्या लहान नाही.

गेल्या पावसाळ्यात आजार उसळला. तीन आठवडे मला चमचाही धरवेना, तर पुस्तक कुठले धरणार? डोळे उघडे, मन उपाशी. भीती वाटली ती दुखण्याची नव्हे. नोकरी गेली, स्वयंपाक गेला, चर्चच्या गायकवृंदातले उभे राहणे गेले. आता वाचनही गेले तर ‘मी’ म्हणून काय शिल्लक राहील, या विचाराने रात्री झोप येईना. माझा नातू इंग्रजी माध्यमात सातवीला आहे. त्याचे मराठी वाचन अडखळत चालते. सूनबाईने त्याला संध्याकाळी अर्धा तास माझ्यापाशी बसवले आणि त्याच्या हाती लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली.

१९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवले होते. परंतु ते मोठ्याने वाचण्यासाठीच जन्माला आले आहे, हे मला या तीन आठवड्यांत उमगले. लक्ष्मीबाई बोलतात तसे लिहितात; वाक्य आखूड, प्रसंग छोटा, आणि रडू येईल अशा जागी हटकून हसू. वडिलांचे सोवळ्याचे विलक्षण वेड ऐकून नातू पोट धरून हसला. “आजी, सोवळं म्हणजे काय?”, “कासंडी म्हणजे काय?” असे त्याचे प्रश्न सुरू झाले आणि अंथरुणात पडल्या पडल्या माझा वर्ग पुन्हा भरला. पती १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंची पाच वर्षे झालेली ओढाताण, आणि १९०० साली त्यांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हा भाग आला तेव्हा तो गंभीर झाला. “त्या आधीच का नाही गेल्या?” त्याने विचारले. मी म्हटले, “कारण त्यांना नवऱ्याच्या मागून जायचं नव्हतं, स्वतःला पटल्यावर जायचं होतं.” तिसऱ्या आठवड्यात त्याचे अडखळणे बरेच कमी झाले होते. जे मला करता येत नव्हते ते त्याच्या डोळ्यांनी झाले, आणि जे त्याला येत नव्हते ते माझ्या कानांनी झाले.

शेवटी ईयोबाच्या ग्रंथाविषयी. आजाऱ्याला धीर देण्यासाठी लोक या ग्रंथाचा हवाला देतात, पण तो पुरता वाचत नाहीत. ईयोबाचे तीन मित्र आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. बिघडले ते त्यांनी तोंडे उघडल्यावर. तुझ्या हातून काही पाप घडले असेल, देव उगाच शिक्षा करत नाही, असे ते त्याला नाना परींनी सांगत राहिले. ईयोबाने मात्र देवाशी उघड वाद घातला, जाब विचारला. आणि ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो माझा सेवक ईयोब, अशा आशयाचा निवाडा तिथे आहे. “प्रत्येकाला आपला क्रूस असतो” असे कुणी मला सांगते, तेव्हा मी वाद घालत नाही. क्रूस असतो हे खरेच आहे. परंतु वधस्तंभाच्या वाटेवर शिमोन कुरेनेकराने प्रभूला उपदेश केला नव्हता. त्याने लाकडाला खांदा दिला होता.

वाचकहो, पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुरू केलेला आजाऱ्यांचा जागतिक दिन १९९३पासून दरवर्षी ११ फेब्रुवारीला पाळला जातो. त्या दिवशी अनेक ठिकाणी आजाऱ्यांसाठी मिस्सा होते, अभ्यंग होते, फळे वाटली जातात. हे सारे व्हावेच. त्यात एका गोष्टीची भर घालता आली तर पाहावे. प्रत्येक वाडीत अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेली दोन-चार माणसे असतातच. त्यांच्याकडे जाताना एखादे हलके, मोठ्या टाइपाचे पुस्तक न्यावे. त्याहून चांगले म्हणजे घरातल्या शाळकरी मुलाला बरोबर न्यावे आणि त्याला पंधरा मिनिटे मोठ्याने वाचू द्यावे. काय वाचायचे ते आजारी माणसाने ठरवावे. स्तोत्रे मागितली तर स्तोत्रे, शिकारकथा मागितल्या तर शिकारकथा. आमच्याकडे ‘स्मृतिचित्रे’ संपली आहेत. पुढचे पुस्तक निवडण्याची पाळी नातवाची आहे, आणि त्याने आतापासूनच मला बजावले आहे की ते भुताचे असणार आहे.