नजर आणि वाट

साठी उलटलेल्या माणसाने काय करावे, याविषयी आपल्या समाजाची मते फार ठाम आहेत. त्याने पहाटे फिरायला जावे, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात आणि कोणी विचारलाच तर सल्ला द्यावा. न विचारता दिला तरी लोक सहसा क्षमा करतात. मोटारसायकल विकत घ्यावी, असे मात्र कोणीही म्हणत नाही. म्हणूनच ज्या दिवशी माझ्या अंगणात नवी कोरी मोटारसायकल येऊन उभी राहिली, त्या दिवशी शेजारच्या मंडळींनी 'कोणासाठी घेतली?' असे मला पुन्हा पुन्हा विचारले. 'माझ्यासाठीच,' असे मी सांगितले, तेव्हा कोणी हसले नाही. पण बोलणे मात्र एकाएकी थांबले. पत्नीने गाडीला हळदकुंकू वाहिले, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मग हळूच विचारले, "आता तरी खरं सांगा, ही चालवणार कोण?"

प्रश्न योग्यच होता. नोकरीची सारी वर्षे मी सायकलवर काढली होती. आमचा चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या माथ्याला खेटून वसलेला. येथे सपाट रस्ता म्हणजे दोन चढांमधली विश्रांती. पावसाळ्यात तर ताम्रपर्णी दुथडी भरून वाहू लागते, धुके दारापर्यंत येते आणि सायकल चालविण्याऐवजी ती हाताने ढकलत न्यावी लागते. तरुणपणी या साऱ्याचे काही वाटले नाही. निवृत्तीनंतर मात्र चढ छातीला मानवेनासे झाले. तालुक्यातली पुष्कळ गावे मी केवळ विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवरच वाचली होती. ती डोळ्यांनी पाहावीत, अशी इच्छा मनात होती. एस.टी. त्या गावांना जाते, पण तिच्या वेळेला. मला माझ्या वेळेला जायचे होते. मोटारसायकल घेण्यामागे याहून मोठे कारण नव्हते.

प्रथम शिकाऊ परवाना काढावा लागला. चाळिशी उलटलेल्या उमेदवाराला त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि मग वाहतुकीच्या नियमांवर परीक्षा द्यावी लागते. आयुष्यभर इतरांना प्रश्नपत्रिका वाटणारा मी, त्या दिवशी संगणकासमोर बसलो आणि पहिल्याच प्रश्नाला माझ्या तळहाताला घाम फुटला. उत्तीर्ण झालो. परंतु त्याहून गंमत पुढे होती. शिकाऊ चालकाने आपल्या गाडीला तांबड्या रंगातले अक्षर लावावे, असा नियम आहे. तांबडा रंग मी आजवर दुसऱ्यांच्या वह्यांत वापरला होता. आता तोच माझ्या पाठीमागे चिकटून साऱ्या गावाला सांगू लागला की, हा अजून शिकतो आहे!

शिकविणार कोण, हा प्रश्न मात्र माझ्या मनाला टोचत होता. गावात दुचाकी दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. त्याच्या हाताला यश आहे, असे सारेच म्हणतात. तो माझा जुना विद्यार्थी. नववीत असताना मीच त्याला मराठीत अनुत्तीर्ण केले होते. त्यानंतर तो शाळेत आला नाही. घरची अडचण होतीच. पण माझ्या त्या निकालाचा त्यात वाटा नव्हता, असे मला कधीच छातीठोकपणे म्हणता आले नाही. तो रस्त्यात भेटला की नमस्कार करी आणि मी घाईने पुढे जाई. आता त्याच्याच दारात उभे राहून 'मला शिकव' असे म्हणणे भाग होते. मी ते कसेबसे म्हटले. त्याने हातातला पाना खाली ठेवला, तेलकट हात चिंधीला पुसले आणि म्हणाला, "उद्या सकाळी सहाला मैदानावर या, हेडसर. उशीर करू नका." हे शेवटचे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवले असेल!

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहालाच हजर होतो.

सायकल येणाऱ्याला मोटारसायकल सहज येते, हा एक मोठा भ्रम आहे. तोल तेवढा ओळखीचा असतो. बाकी सारे नवे. सायकल आपल्या पायांची आज्ञा मानते. येथे शंभर किलोहून जड वस्तू मनगटाच्या किंचित पिळण्याने पुढे झेपावते. मी मूठ पिळली, डाव्या हातातली पकड एकदम सोडली आणि गाडीने बेडकासारखी उडी मारून जागच्या जागी प्राण सोडला. तीनदा असे झाले. मग माझे गुरुजी मांडी घालून जमिनीवरच बसले व म्हणाले, "सर, क्लच म्हणजे हस्तांदोलन आहे बघा. एक हात इंजिनाचा, एक हात चाकाचा. इंजिन पळतंय, चाक उभं आहे. पळणाऱ्यानं उभ्या माणसाचा हात एकदम ओढला तर तो पडणारच. आधी बोटं लागू द्या, मग तळवा, मग घट्ट धरा." चौथ्या खेपेस गाडी पाण्यावरून नाव सरकावी तशी सरकली.

अनेक वर्षे मी मुलांना उपमा अलंकार शिकविला. इतकी नेमकी उपमा माझ्या वर्गात क्वचितच कोणी दिली असेल.

पुढच्या दिवसांत मी पुष्कळ शिकलो. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या खालीवर होतो, त्याच्या चार फेऱ्यांपैकी एकाच फेरीत शक्ती निर्माण होते. हवा आणि पेट्रोल आत ओढणे, ते दाबणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे, या उरलेल्या तिन्ही फेऱ्या केवळ सेवेच्या असतात. गाडी थांबविताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरा जोर पुढच्या ब्रेकमध्ये असतो. पण तो मुठीत हळूहळू आवळायचा असतो, हिसक्याने नव्हे. १८८५ साली जर्मनीत डाइम्लर आणि मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनविली, तेव्हा तिचा सांगाडा लाकडी होता आणि ती कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना आणखी दोन लहान चाके बसविली होती. हे मी पूर्वी कुठेतरी वाचले होते. आपल्या पूर्वसूरींनीही पांगुळगाड्यानेच आरंभ केला, या विचाराने मला मोठा धीर आला.

एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. मैदानाच्या कडेला एक खड्डा होता. मैदान केवढे तरी विस्तीर्ण आणि खड्डा टोपलीएवढा. पण मी हटकून त्यातच जात असे. जितके त्याला टाळावे तितका तो मला ओढून घेई. अखेर माझे गुरुजी हसून म्हणाले, "सर, तुम्ही खड्ड्याकडं बघताय. नजर जिकडं, गाडी तिकडं. खड्डा आहे एवढं ध्यानात ठेवा आणि बघा वाटेकडं."

मी म्हणालो, "पण खड्ड्याकडे पाहिल्याशिवाय तो चुकवावा कसा?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग सहज बोलल्यासारखे बोलला, "शाळेत माझं तसंच व्हायचं, सर. वही परत आली की नुसत्या तांबड्या खुणा. पुढचा निबंध लिहायला बसलो की त्या खुणाच डोळ्यांपुढं यायच्या आणि नेमक्या त्याच चुका व्हायच्या. निबंध काय लिहिला होता, ते आता आठवत नाही. खुणा आठवतात."

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते शब्द अधिक खोल गेले.

महिन्याभराने पक्का परवाना हाती आला आणि माघातल्या एका सकाळी, डोक्यावर शिरस्त्राण चढवून, मी एकटाच पारगडाच्या वाटेला लागलो. शिवछत्रपतींचा हा दुर्ग चंदगडच्या नैर्ऋत्येला, घाटमाथ्याच्या अगदी कडेवर उभा आहे. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा हे त्याचे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते; मावळ्यांचे वंशज आजही गडावर नांदत आहेत. इतिहासाच्या तासाला मी हे कितीदा तरी सांगितले होते. पण स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या वाहनाने तेथे मी कधी गेलो नव्हतो.

पहिली काही मिनिटे मी केवळ भ्यालो. मग भीतीच्या आत काहीतरी वेगळे जागे झाले. मोटारीत बसलेल्या माणसाला वारा खिडकीतून भेटतो. येथे तो छातीवर येऊन थडकतो. प्रत्येक ओहोळापाशी हवा गार होते, प्रत्येक उघड्या माळावर ती ऊबदार होते. काजूला मोहोर आला होता आणि त्याचा मंद, किंचित आंबूस गंध मला वळणावळणावर भेटत होता. कुठे गुऱ्हाळाचा धूर, कुठे ओल्या मातीचा वास. ज्या चढावर वर्षानुवर्षे मी सायकलवरून उतरलो, तो चढ इंजिनाच्या एका हुंकारात मागे पडला. विजय झाल्यासारखे वाटले. आणि त्याच क्षणी त्या चढाचा जुना स्नेह तुटल्यासारखेही वाटले. त्याच्या निम्म्यावर एक जांभळाचे झाड आहे. त्याच्या सावलीत मी नेहमी थांबत असे. त्या दिवशी ते केव्हा गेले, ते मला कळलेही नाही.

असा विचारात असतानाच समोरच्या वळणावरून उसाने शिगोशीग भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. रस्ता अरुंद. ट्रॉलीबाहेर झुकलेली उसाची टोके मला भाल्यांसारखी दिसली. माझी दृष्टी त्यांच्यावर खिळली आणि मला स्पष्ट जाणवले की, गाडी हळूहळू तिकडेच झुकत चालली आहे. हात माझेच होते, पण ते माझे ऐकत नव्हते. ते डोळ्यांचे ऐकत होते. तेवढ्यात कानात शब्द घुमले, 'बघा वाटेकडं.' मी बळेबळेच मान वळविली. डावीकडे, ट्रॉली आणि गटार यांच्यामध्ये, हातभर रुंदीची तांबड्या मातीची पट्टी मोकळी होती. मी तिच्याकडे पाहिले, फक्त तिच्याकडेच. उसाचे एक पान खांद्याला चाटून गेले आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला.

पुढे गेल्यावर मी गाडी बाजूला उभी केली. पाय लटपटत होते. इंजिन बंद होताच केवढी तरी शांतता पसरली.

गडाच्या पायऱ्यांपाशी पोहोचलो, पण वर चढलो नाही. खालच्या पायरीवर बसून राहिलो. मनात ट्रॉली नव्हती; एक वही होती. आमच्या तालुक्याची बोली मोठी विलक्षण आहे. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला गोवा आणि तळकोकण. १९५६ पर्यंत तर चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते कोल्हापूरला जोडले गेले. त्यामुळे येथल्या मराठीत कोकणी आणि कानडी अशी दोन्ही पाणी मिसळली आहेत. तो मुलगा घरी जसे बोलत असे, तसेच लिहीत असे. मी प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढली. रेघा बरोबर होत्या. त्यांतली एकही आज मी चूक म्हणणार नाही. परंतु त्या रेघांखालून जो मुलगा क्लचला हस्तांदोलन म्हणू शकत होता, तो मला दिसला नाही. मी सारी वर्षे खड्ड्यांकडे पाहिले आणि मुलांनाही तिकडेच पाहायला लावले. मग ती त्यांतच पडली, तर नवल कसले? त्या निबंधाचा विषय काय होता, तो त्याला आठवत नाही. आणि खरे सांगायचे तर, मलाही आठवत नाही.

परतल्यावर मी सरळ त्याच्या दुकानात गेलो. बोलायचे पुष्कळ ठरविले होते, प्रत्यक्षात एवढेच म्हणालो, "तुला नववीत नापास केले, तेव्हा माझी नजर चुकली होती." त्याने माझ्याकडे पाहिले, मग गाडीकडे पाहिले. "मागचा ब्रेक सैल वाटतोय, सर. बघून देतो," एवढे म्हणून तो खाली बसला. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाला, "पारगडापर्यंत गेलात, म्हणजे पास झालात."

जाताना मी पैसे देऊ लागलो, तर तो घेईना. मी आग्रहच धरला, तेव्हा त्याने एका चिठोऱ्यावर पावती लिहून दिली, 'मागचे बेरक घट केले.' माझा हात सवयीने खिशातल्या तांबड्या पेनाकडे गेला आणि तेथेच थांबला. शुद्धलेखनाचे महत्त्व माझ्या लेखी आजही तिळभर कमी झालेले नाही. मुलांनी शुद्धच लिहावे. पण पावती माझ्या हाती होती आणि समोर घरापर्यंतचा उतार होता.

मी गाडी सुरू केली, उतारावर घातली आणि वळणापाशी ब्रेक दाबून पाहिला. तो अगदी घट्ट होता.