अंदाजाचा भक्त

टॉर्क रेंच वापरणाऱ्यांची मी अनेक वर्षं मनातल्या मनात टिंगल केली. बोल्ट किती आवळायचा हे हाताला कळायला नको का? पुस्तक उघडायचं, आकडा शोधायचा आणि पाना कट्‌ वाजेपर्यंत ओढायचा, हे मला वजनकाटा शेजारी ठेवून आमटीत मीठ घालण्यासारखं वाटायचं. पुण्यातला माझा एक मित्र या पंथातला. त्याच्याकडे मायक्रोमीटर मखमलीच्या डबीत असायचा. मी त्याला म्हणायचो, "कोल्हापूरला ये एकदा. आमचे मिस्त्री नुसतं बोट लावून सांगतात."

हे सांगताना मला केवढा अभिमान वाटायचा! जणू ते बोट माझंच होतं.

मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. यंत्रातलं शिक्षण शून्य, हौस दांडगी. शेतावर जायला माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे. पावसाळ्यात उसाच्या फडाकडे जाणारी वाट चिखलानं भरते, तेव्हा ट्रान्सफर केसचा दांडा ओढून चारी चाकं कामाला लावली की ती मुकाट्यानं चालत राहते. तिचं इंजिन एक्सडीपी ४.९०, प्यूजोच्या परवान्यावर इथं बनलेलं. चार सिलिंडर, २११२ सीसी, बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक ८३, ताकद ६२ अश्वशक्ती. अंग अमेरिकी विलीजच्या वंशाचं, काळीज फ्रेंच आणि दुरुस्ती कोल्हापुरी. असल्या मिश्र संसारावर मी इतिहासाचे तास भरून बोलू शकलो असतो.

दोन-तीन वर्षं ती ऑइल खात होती. सकाळी हीटर प्लग कितीही तापवले तरी उठायची नाही. ब्रीदरच्या नळीतून धूर येऊ लागला तेव्हा कळलं की रिंगा गेल्या, दाबलेली हवा पिस्टनच्या बाजूनं खाली निसटतेय. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबूनच इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावं. दाबच राहिला नाही तर पेटणार काय? 'फुल इंजिन' काढावं लागणार हे ठरलं, आणि ते घरीच, जुन्या गोठ्यात, माझ्या हातानं करायचं हेही मी ठरवून टाकलं. मिस्त्रीमामा संध्याकाळी येऊन बघून जातील, अडलं तर सांगतील, एवढी बोली झाली. मामा म्हणजे ज्यांच्याकडे ही जीप मी कायम नेत आलो ते. शिक्षण सहावी, वय माझ्याहून थोडं जास्त.

इंजिन खोलण्यात जे सुख आहे त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना मिळतं. तोडायला अक्कल लागत नाही. समोरची जाळी काढली, रेडिएटर काढला, चेनपुलीनं इंजिन उचललं आणि जुन्या सतरंजीवर त्याचे अवयव मांडले. ब्लॉक आणि क्रँक उद्यमनगरला, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, पाठवले. तिथं ब्लॉकचं बोअरिंग आणि होनिंग झालं, क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, घासून वीस साइजला आणले, म्हणजे मूळ मापापेक्षा वीस थाऊ बारीक. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सगळं उद्यमनगर या थाऊवर चालतं आणि तरीही मी 'अंदाज, अंदाज' करत फिरत होतो, हे आज लिहिताना चमत्कारिक वाटतं.

क्रँक परत आली. एका दुपारी मी बेअरिंगचे नवे शेल बसवले, ऑइल लावलं, क्रँक आडवी ठेवली आणि पाचही मेन बेअरिंगच्या टोप्या आवळायला घेतल्या. टॉर्क रेंच माझ्याकडे होता. पुण्याच्या मित्रानं मुद्दाम पाठवलेला. मी तो पेटीतून काढलासुद्धा नाही. पहिली टोपी, दुसरी टोपी, हाताला समाधान वाटेपर्यंत. मधली, तिसरी, आवळली आणि क्रँक जड झाली. दोन्ही हातांनी जोर लावला तरच फिरायची.

इथं मी जे केलं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तिसऱ्या टोपीचे बोल्ट जरासे ढिले केले. क्रँक पुन्हा सुरळीत फिरू लागली. मी खूश झालो. हाताला कळलं, असं मला खरोखर वाटलं.

संध्याकाळी मामा आले. चपला बाहेर काढल्या, हे मला नेहमी गोड वाटायचं. क्रँक एकदा फिरवली, पुन्हा उलटी फिरवली. मग पाना घेऊन एकेका बोल्टाला नुसता हलका झटका देत गेले आणि तिसऱ्यापाशी थांबले.

"सर, ह्यो ढिला का ठेवलाय?"

मी म्हटलं, आवळला की जाम होतंय, म्हणून हाताच्या अंदाजानं ठेवला.

"क्लिअरन्स बघितला न्हवं?"

"तुम्ही तरी कुठं बघता मामा?" मी हसून म्हटलं. मला ते कौतुकाचं वाक्य वाटत होतं.

मामा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. माझ्याकडे असं बघितलं, की हा माणूस इतकी वर्षं माझ्या गॅरेजात बसून नक्की काय बघत होता? मग म्हणाले, "सगळं काढा. क्रँक आत घ्या, सावलीत ठेवा. च्या घिऊ."

क्रँक दुपारभर गोठ्याच्या दारात, उन्हात होती. ती सावलीत ठेवून आम्ही बराच वेळ बसलो. मला घाई झाली होती. मी विचारलं, थांबायचं कशाला? "उन्हातलं माप खोटं येतंय," ते म्हणाले. "लोखंड फुगतंय की." नंतर मी हिशेब केला. साधारण ५५ मिलिमीटर जाडीचं पोलाद वीस अंशांनी जास्त तापलं तर अर्धा थाऊ फुगतं. जिथं दोन थाऊंचा खेळ आहे तिथं अर्धा थाऊ म्हणजे पाव हिस्सा झाला. मापं कोणत्या तापमानाला खरी धरायची यावर जगातल्या मापनतज्ज्ञांनी १९३१ साली २० अंश सेल्सियस असा निर्णय केला. मामांना ते साल ठाऊक नसेल, पण थांबायचं का हे ठाऊक होतं. त्यांना ते उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या टर्नरनं शिकवलं होतं. बारा वर्षांचे असताना उन्हातला शाफ्ट मोजला म्हणून त्यानं एक थोबाडीत दिली होती. ही गोष्ट मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकली, कारण आधी कधी विचारलीच नव्हती. मी विचारायचो ते एवढंच, "किती वर्षं झाली मामा या धंद्यात?"

चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक लाकडी डबी काढली. आत मायक्रोमीटर. मखमल नव्हती, बनियनचं फडकं होतं. प्रत्येक जर्नल चार ठिकाणी मोजला, दोन उभी मापं, दोन आडवी. मग एक वही काढली आणि शिसपेन्सिलीनं आकडे मांडले. तिसरा जर्नल दीड थाऊनं मोठा राहिला होता. जिथं क्रँक घासली तिथलीच ही चूक. चार जर्नल वीस साइजला उतरले, एक उतरलाच नाही. व्यासाच्या दर इंचाला साधारण एक थाऊ मोकळीक हवी, ही जुन्या मिस्त्रींची रीत. सव्वादोन इंचांच्या जर्नलला सव्वादोन थाऊ. तिसऱ्यापाशी ती एक थाऊसुद्धा नव्हती.

ती मोकळीक रिकामी नसते, हे मी पुढं वाचलं. फिरणारी क्रँक धातूवर टेकतच नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्यानं रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना ऑइलचं भोक लाकडी बुचानं बंद केलं, तर आतल्या दाबानं बूच पुन्हा पुन्हा बाहेर फेकलं जायचं. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. मी जे हाताच्या अंदाजानं जुळवलं होतं त्यात हा थर टिकला नसता. ढिल्या टोपीखाली शेल फिरला असता आणि एखाद्या घाटात, बहुधा गगनबावड्याच्या, इंजिन जाम झालं असतं. गाडीत माझ्याबरोबर कोण असतं, याचा विचार मी लांबवत नाही.

पण मला हादरवलं ते क्रँकनं नव्हे, वहीनं. तिच्यात गाड्यांचे नंबर होते, जर्नलची मापं होती, रिंगांचे गॅप होते, कोणत्या दुकानाची घासाई तिरकी येते याची नोंद होती. इंचातला आकडा मिलिमीटरमध्ये करून शेजारी लिहिलेला. अशा आणखी वह्या घरी होत्या. मी त्यांच्या गॅरेजात तासन्‌तास बसलो होतो आणि मला त्यातली एकही कधी दिसली नव्हती.

दिसली नव्हती हे खरं नाही. दिसली असणार. मला ती उधारीची वही वाटली असणार. त्यांच्या बोटांत फीलर गेजची पत्ती असायची आणि मला बोटंच दिसायची. गॅरेजच्या कोपऱ्यात लांब पाइपला अडकवलेला स्प्रिंगचा लटकता काटा होता, तो भंगार तोलायला असेल असं मी धरून चाललो होतो. तो मामांचा टॉर्क रेंच होता. एक मीटरचा पाइप पान्याला लावायचा, टोकाला काटा अडकवून काटकोनात ओढायचा, काट्यावर सात किलो आले की बोल्टवर सात किलोग्रॅम-मीटर. हेडचे बोल्ट ते असेच आवळत, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. माझ्या पुण्याच्या मित्राकडे जे विकत घेतलेलं होतं ते यांनी भौतिकशास्त्र समजून घेऊन बनवलं होतं. आणि मी एकाला पुस्तकी म्हणत होतो, दुसऱ्याला जादूगार.

का? याचं उत्तर मला आवडत नाही, पण ते मला माहीत आहे. सहावी शिकलेल्या माणसाच्या हातात जादू आहे असं म्हटलं की त्याच्या डोक्यात काय आहे हे बघावं लागत नाही. हाताचं कौतुक करायचं आणि डोकं आपल्याकडे ठेवायचं. मी पदवीधर, मी समजून घेणार, तो नुसता करणार. ही जुनी वाटणी आपल्याकडे कुणी आणि कशी केली, ते मी वर्गात तावातावानं शिकवलं होतं. स्वतः मात्र तिचीच एक गोड, प्रेमळ आवृत्ती बाळगून होतो. शिवी दिली असती तर निदान ती ओळखू आली असती.

कोल्हापुरात हे फक्त माझंच नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला, हे आम्ही पाहुण्यांना ऐकवतो आणि लगेच म्हणतो, "काय हात होता!" पण फिल्मच्या कडेची भोकं आणि कॅमेऱ्यातले दात यांचं अंतर तंतोतंत जुळलं नाही तर पडद्यावर चित्र उड्या मारतं. बाबूराव, त्यांचे भाऊ आनंदराव आणि नंतर सहकारी दामले यांना किती मोजावं लागलं असेल, हे आमच्या कौतुकात कधी येत नाही.

अंदाज मी पूर्ण सोडलेला नाही. मामा आजही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतात. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "कान कुठं बघायचं ते सांगतोय. किती, ते न्हाई सांगत."

क्रँक पुन्हा घासून आली, तीस साइजला. पाचही जर्नल तीसचे, शेल नवे. या वेळी मामांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. पहिल्यांदा मी तो फार दाबला आणि माप कमी आलं. पुढचं काम मग वेगानं गेलं. रिंगा, पिस्टन, हेड. नोझल आणि पंप पंपवाल्याकडून तपासून आले. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली, हीटर प्लग तापवले आणि इंजिन उठलं. भरपूर पांढरा धूर, मग कमी, मग जवळजवळ नाही.

एक गोष्ट राहिली. मागं एका दिवाळी अंकात मी मामांवर लेख लिहिला होता. नाव बदललं होतं, पण त्यांना अंक नेऊन दिला होता. त्यात त्यांच्या बोटांचं, काळ्या नखांचं, इंजिनाशी बोलण्याचं वर्णन होतं. लोकांनी फोन करून सांगितलं, डोळ्यांत पाणी आलं. आता धीर करून मी विचारलं, "मामा, तो लेख कसा वाटला होता?"

"चांगला हुता की," ते म्हणाले. थोडं थांबून, "मी काय करतो, ते तेवढं त्यात न्हवतं."

मी म्हटलं, पुन्हा लिहीन.

"लिवा. पर मापं लिवा."

तर, मेन जर्नल तीस साइज, मोकळीक पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याला सव्वादोन थाऊ, तिसऱ्याला दोन, पाचव्याला अडीचला जरा कमी. रिंगा बोअरमध्ये उलट्या पिस्टननं सरळ ढकलून मोजल्या. वरच्या रिंगांचा गॅप चौदा थाऊ, फक्त तिसऱ्या सिलिंडरला पंधरा. ती बदलायची का यावर आमचा वाद झाला. मी बदला म्हणत होतो, मामांच्या मते गरज नव्हती. ती तशीच आहे आणि वहीत तशी नोंद आहे.