शाळूतले पाहुणे

जानेवारीत पुण्याहून बेळगावला जाताना निपाणीजवळ मामांच्या शाळूत थांबलो. पिवळ्या पाखरांचा थवा कणसांवर उतरला. "गोफण घे," मामा ओरडले. मी दुर्बीण काढली. बहुतेक काळ्या डोक्याचे भारीट, मध्येच दोन-चार लाल डोक्याचे. पहिले तुर्कस्तान-इराणकडून येतात, दुसरे मध्य आशियातून. नर सहज ओळखले. मातकट माद्यांपुढे मी हात टेकले. इराणात तर दोघांचा संकरही होतो!

लाल डोक्याचे भारीट एकेकाळी पिंजऱ्यांसाठी भारतातून परदेशी विकले जात. आज आययूसीएनच्या यादीत दोन्ही 'कमी चिंतेचे'. इथं मात्र पाणी आलं तसा मामांनी ऊस लावला. शाळू अर्धा एकर उरलाय.

"तेवढा तरी ठेवा," मी म्हटलं.

"पाखरांसाठी पेरू व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही.